ओव्हन तापत नाही? आधी टॉर्च लावून आत बघा

पुण्याहून कुणाचाही फोन आला आणि बोलणं स्वयंपाकावर गेलं की एक प्रश्न ठरलेला, तुमच्याकडे गॅस नाही का गं? अमेरिकेत बऱ्याच घरांत असतो पण इथे ओहायोत मी आजवर जिथे जिथे राहिले तिथे इलेक्ट्रिक रेंजच होती. रेंज म्हणजे वर चार शेगड्या आणि खाली मोठा ओव्हन, सगळं एकाच कमरेएवढ्या धुडात, भिंतीला लावून ठेवलेलं, आणि बहुतेक वेळा ते घराबरोबरच मिळतं. ते बिघडलं की दुसरा सिलेंडर लावला असं काही करता येत नाही, सगळा स्वयंपाकच अडतो. सहा महिने राहायला येणारे आईबाबा आणि नुकती शिकायला आलेली मुलं पहिल्या दिवसापासून ह्याच्यावर कुकर लावतात पण ह्याची ओळख त्यांना कुणी करून देत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी विजेचं बघू कारण अर्धे बिघाड तिथेच कळतात. इथल्या साध्या प्लगला 120 व्होल्ट येतात, आपल्याकडे 230. पण रेंजला 240 लागतात आणि त्यासाठी दोन लाइव्ह वायरी येतात, प्रत्येकीत न्यूट्रलच्या हिशोबाने 120 आणि दोघींत मिळून 240. पॅनलमध्ये, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, तिचा जोड ब्रेकर (आपला एमसीबी) असतो, 40 किंवा 50 अँपचा. आता घड्याळ आणि आतला दिवा 120 वर चालतात आणि तापणाऱ्या रॉड 240 वर, त्यामुळे दोनपैकी एक लाइन गेली तर घड्याळ छान दिसतं, दिवा लागतो, आणि ओव्हन मात्र ढिम्म. लोकांना वाटतं वीज तर आहे म्हणजे मशीनच गेलं. आधी तो ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू करून बघायचा, बहुतेकदा अर्धवट पडलेला (ट्रिप झालेला) असतो. लगेच परत पडला तर मात्र पुन्हा पुन्हा चढवत बसायचं नाही, इलेक्ट्रिशियनच बोलवायचा.

आणखी एक गोष्ट, मोठ्या अपार्टमेंटच्या बिल्डिंगींमध्ये कधीकधी 240 ऐवजी 208 व्होल्ट मिळतात. फरक छोटा वाटतो पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे तीच रॉड जवळपास पाव भाग कमी तापते. अशा घरात ओव्हन तापायला वेळ लागतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो.

आता खरा बिघाड. आमच्या ओव्हनमध्ये नानकटाई वरून करपायला लागली आणि खाली पीठ कच्चंच. माझ्या मामाचं नारायण पेठेत गिझर, इस्त्री, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने असला ओव्हन आयुष्यात कधी उघडलेला नाही पण पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"अगं वरची रॉड लाल होते का?"

"होते."

"आणि खालची?"

"खालची काळीच आहे मामा."

"मग कार्डबिर्ड काही गेलेलं नाही. रॉड गेलीय. टॉर्च घे आणि तिच्यावरून हळूहळू फिरव, कुठेतरी फोड दिसेल बघ."

आणि खरंच होता. मागच्या वळणाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा, कडेने फाटलेला आणि आतून पांढरी पूड डोकावत होती. मामा म्हणाला गिझरच्या कॉइलमध्येही हीच पूड असते. ती मॅग्नेशियम ऑक्साइड, आतली तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी ह्यांच्यामध्ये ठासून भरलेली असते, उष्णता जाऊ देते आणि करंट अडवते. फोड आला म्हणजे आतली तार तिथे तुटलेली. वरच्या रॉडला इथे ब्रॉइल म्हणतात आणि खालच्या रॉडला बेक, आणि बऱ्याच ओव्हनमध्ये सुरुवातीला तापवताना वरचीसुद्धा चालू होते, म्हणून खालची मेली तरी ओव्हन थोडाफार गरम होत राहतो आणि दोष पिठाला नाहीतर तुपाला दिला जातो.

रॉड बदलायचं काम अवघड नाहीये पण त्याचा क्रम पाळायचाच. पॅनलवरचा ब्रेकर बंद, नुसतं बटण बंद करून चालत नाही कारण बऱ्याच मशीनमध्ये बटण एकच लाइन तोडतं, दुसरी तशीच जिवंत राहते. मग ओव्हन लावून खात्री करायची की घड्याळसुद्धा मेलंय. जाळ्या काढायच्या, मागच्या भिंतीवरचे दोन स्क्रू काढायचे आणि रॉड अलगद पुढे ओढायची, मागून दोन वायरी येतात. त्या वायरी भोकातून परत आत गेल्या तर सगळी रेंज भिंतीपासून ओढून मागून उघडावी लागते, म्हणून सोडवायच्या आधीच त्यांना कपड्याचे चिमटे लावले. मग मल्टिमीटरने रॉडचा रोध मोजायचा. हिशोब सोपा आहे, 240 चा वर्ग भागिले वॅट, म्हणजे 2400 वॅटची रॉड असेल तर साधारण 24 ओहम यायला हवेत. आमचा मीटर काहीच दाखवेना, सर्किट उघडं. नवीन रॉड मॉडेल नंबर बघूनच मागवायची, तो नंबर दार उघडल्यावर कडेच्या पट्टीवर नाहीतर खालच्या ड्रॉवरमागे चिकटवलेला असतो. पहिल्यांदा तापवताना थोडा धूर आणि वास येतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायची.

घर भाड्याचं असेल तर मात्र स्क्रूला हात लावायचा नाही, दुरुस्ती घरमालकाकडूनच करून घ्यायची. पण तक्रार लिहिताना "ओव्हन चालत नाही" एवढंच न लिहिता "बेक एलिमेंट लाल होत नाही, ब्रॉइल होतो" असं लिहिलं तर येणारा माणूस पार्ट घेऊनच येऊ शकतो. ह्या एका वाक्याने एक हेलपाटा वाचतो.

दोन्ही रॉड चांगल्या आहेत पण केक फसतोच, तर संशय तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर. आत मागच्या भिंतीवर पेन्सिलपेक्षा बारीक काडी असते तीच. खोलीच्या तापमानाला तिचा रोध साधारण 1080 ते 1100 ओहम असतो, त्यापेक्षा फारच वेगळा आला तर बदलायची. त्याआधी दहा-बारा डॉलरचा ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून बघावं, आणि एकदाच बघून ठरवू नये. कारण ओव्हन सतत तापत नसतो, चालू-बंद होत राहतो, त्यामुळे 350 फॅरनहाइटवर लावलं, म्हणजे आपले 177 सेल्सिअस, तरी काटा वरखाली होणारच. थोडा थोडा वेळ सोडून बघायचं आणि सरासरी धरायची. सरासरीच वीसएक डिग्री चुकत असेल तर बऱ्याच मशीनमध्ये ते बटणांवरूनच दुरुस्त करता येतं, मॅन्युअलमध्ये कॅलिब्रेशन शोधा.

वरच्या शेगड्यांबद्दल आईला सगळ्यात जास्त सांगावं लागलं. काचेचा सपाट टॉप असेल तर गोल बुडाची कढई त्यावर तापत नाही, बूड टेकलं पाहिजे. बिडाचा तवा घासत सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. आणि गूळ किंवा साखरेचा पाक सांडला तर मात्र थंड व्हायची वाट बघायची नाही! बाकी सगळं थंड झाल्यावर पुसायचं, पण पाक काचेवर थंड होऊन घट्ट बसला की काढताना काचेचे टवके निघतात. शेगडी बंद करायची, हातात जाड मोजा घालायचा आणि ब्लेडच्या खरवडणीने तिरकं धरून लगेच काढायचं. पुरण शिजवताना मी खरवडणी शेजारीच ठेवते. काचेला तडा गेला असेल तर ती शेगडी अजिबात वापरायची नाही, सांडलेलं पाणी फटीतून थेट विजेपर्यंत जातं.

उघड्या वेटोळ्याची कॉइल असेल तर तपासणं अजून सोपं. रेंज थंड आणि ब्रेकर बंद असताना कॉइल उपसून काढायची, त्याच मापाची शेजारची तिच्या जागी लावायची. शेजारची तापली तर मूळ कॉइल खराब, तीही नाही तापली तर खालचं सॉकेट किंवा बटणामागचा स्विच. आणि अलीकडच्या कॉइल शेगड्यांत भांडं जास्त तापलं की वीज तोडणारा सेन्सर असतो, त्यामुळे कुकरची शिट्टी रेंगाळली तर आधी बुड सपाट आहे का ते बघा.

सेल्फ क्लीनचं बटण मी वापरत नाही आणि सणाच्या आदल्या दिवशी तर कुणीच वापरू नये. त्यात आतलं तापमान 800 फॅरनहाइटच्या वर जातं आणि चिकट तेलाची राख होते हे खरं, पण एवढ्या उष्णतेने थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) उडणं किंवा दाराचं कुलूप अडकणं हे नेहमीचंच. मी बेकिंग सोड्याचा लेप रात्रभर ठेवते, रॉडवर आणि दाराच्या रबरासारख्या दिसणाऱ्या कडेवर मात्र नाही, ती कड काचतंतूंची असते आणि घासली की उष्णता बाहेर पडायला लागते.

लहान मुलं असतील तर अजून एक बघाच, रेंजच्या मागच्या पायाशी जमिनीला किंवा भिंतीला ठोकलेली एक धातूची पट्टी. ओव्हनचं दार उघडं असताना त्यावर मूल चढलं तर सगळी रेंज पुढे कलंडू शकते, वर उकळतं वरण असतं, ती पट्टी त्यासाठीच असते. घर बदलताना, साफसफाईला रेंज ओढताना पाय त्यातून निघतो आणि परत कुणी अडकवत नाही. भाड्याच्या घरात शिरल्यावर ती आहे का हे नक्की बघा, नसेल तर मागून घ्या.

कायमचे परत येणारे काहीजण विचारतात रेंज पुण्याला आणू का. नका आणू. तिच्या घड्याळाला आणि दिव्याला न्यूट्रलच्या हिशोबाने 120 व्होल्ट लागतात, आपल्या घरात तसली दुहेरी लाइन नसतेच. पुण्यात ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन घ्या, 16 अँपच्या सॉकेटवर चालतो आणि वर-खाली रॉड त्यातही असतात. बिस्किटं एका बाजूनेच भाजली जायला लागली की बटण वर-खाली दोन्ही रॉडवर ठेवून लावा, कुठली रॉड काळी राहते ते बघा, मग प्लग काढून, गार झाल्यावर तिच्यावरून टॉर्च फिरवा.