११० सीसी एटीव्ही: एअरबॉक्स उघडला तर जेट किती वाढवायचा?

छोट्या ११०-१२५ सीसी फोर-स्ट्रोक एटीव्हीचा (वाळू-चिखलात चालणारी जाड टायरांची चारचाकी) एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, काढून थेट पॉड फिल्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारा उघडा फिल्टर) लावायची हौस अनेकांना असते. आवाज भारी येतो, पण ताकद फारशी वाढत नाही. नागाव-अलिबागसारख्या वाळूत तर उघडा पॉड म्हणजे पिस्टन रिंगांना पॉलिश पेपर. त्यापेक्षा डबा ठेवा, फक्त त्याच्या तोंडाचा अरुंद स्नॉर्केल (हवा आत घेणारी नळी) काढा आणि आत तेल लावलेला फोम घाला. फोम रॉकेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, आणि पूर्ण वाळल्यावरच तेल चोळून जास्तीचं पिळून काढा. डब्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर दिला की फटीतून वाळू शिरत नाही.

हवा वाढली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं (उलट पेट्रोल जास्त झालं तर रिच). रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके, फुल्ल रेसला दम सुटणं, इंजिन तापणं, ही त्याची लक्षणं. उपाय म्हणजे मोठा जेट (कार्ब्युरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू). पण जेटला हात लावण्याआधी मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारी नळी) ओ-रिंग तपासा. इंजिन स्लोवर चालू ठेवून जोडावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा (गरम सायलेन्सरपासून लांब). आरपीएम बदलला तर गळती आहे. ती तशीच ठेवून कितीही मोठा जेट घातला तरी स्लो बसणार नाही.

आता जेट. केहिन (कार्ब्युरेटर बनवणारी कंपनी) पद्धतीच्या पितळी जेटवरचा आकडा साधारणपणे मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो: ८० म्हणजे ०.८० मिमीचं भोक. ८० वरून ८५ वर गेलात तर क्षेत्रफळ जवळपास १३ टक्के वाढतं. म्हणून आकड्यात फार मोठी उडी मारू नका. स्नॉर्केल काढून मूळ सायलेन्सर ठेवला असेल, तर मूळ मेन जेटपेक्षा २-३ आकडे मोठ्यापासून सुरुवात करा (८० असेल तर ८२-८३). पॉड लावलाच असेल, तर ५ ते ८. ड्रिलने भोक मोठं करू नका: ०.९ च्या बिटने ८० चा जेट थेट २७ टक्के मोठा होतो, आणि भोकाची धारही खराब होते. मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या जेटचे आकडे वेगळ्या मोजमापाचे असतात, त्यांची सरमिसळ नको.

पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाऊल (खालची पेट्रोलची वाटी) रिकामा करा. जेटच्या खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर पितळ झिजतं. जेटबरोबर त्याचा होल्डर फिरू लागला तर तो पान्याने धरा.

मेन जेट फक्त शेवटच्या पाव रेसमध्ये बोलतो. मधल्या भागात नीडल (रेसबरोबर वर-खाली होणारी सुई): तिची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. सुरुवातीला, म्हणजे स्लो आणि अगदी कमी रेसला, पायलट जेट (छोटा जेट) आणि बाहेरचा मिश्रणाचा स्क्रू. स्क्रू एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतल्यावर रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढल्यावर रिच. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कुठल्या गोष्टीने फरक पडला ते कळणार नाही.

मेन तपासायची सोपी रीत: गाडी गरम करून सपाट रस्त्यावर फुल्ल रेस, मग रेस अगदी थोडी कमी करा. गाडी उचलली तर जेट लहान आहे. अर्धा चोक ओढल्यावर सुधारली, तरी अर्थ तोच. गुरगुरत अडखळली तर जेट मोठा. नंतर नवा सी७एचएसए (या इंजिनांत चालणारा एक नमुना) स्पार्क प्लग लावून फुल्ल रेसवरच किल स्विच दाबा, न्यूट्रल करा आणि प्लग काढून बघा. पांढरा फटक चालणार नाही, काळा काजळीचाही नाही. चहासारखी तपकिरी छटा हवी. मात्र ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर रंग फिकाच येतो, त्यामुळे फक्त रंगावर विसंबू नका. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटिंगवर गाडी आधीच थोडी लीन चालते. एअरबॉक्सला हात न लावता एक आकडा वाढवणंही म्हणून गैर नाही.

किनाऱ्यावर बसवलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर नेलीत, तर हवा विरळ होऊन ती रिच होते. तिथे ८२ ऐवजी ८० पुरतो.