खारे दाणे आणि मध्यंतर

दुपारी जेवणावर दाणे खाऊ नयेत, असे आमच्या घरात पूर्वापार सांगितले जाते आणि पूर्वापार ते कोणी ऐकत नाही. गेल्या रविवारी मी बशीत मूठभर खारे दाणे घेऊन आरामखुर्चीत बसलो आणि ‘सॉल्ट पीनट्स’ लावले. यात कोटी करण्याचा हेतू नव्हता. दाणे आधी आले, गाणे नंतर सुचले. जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या या रचनेत शब्द दोनच आहेत, आणि त्यांचा अर्थ ‘खारे दाणे’ याहून अधिक काहीही नाही. मात्र त्यातला मधला ‘पी’ अचानक वरच्या सप्तकात उडी मारतो आणि लगेच खाली येतो. आमच्या लहानपणी गल्लीतून जाणाऱ्या दाणेवाल्याची आरोळी अशीच मध्येच वर चढायची, त्यामुळे हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते मला परके वाटलेच नाही.

मी लावले होते ते १५ मे १९५३ या दिवशी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण. आल्टो सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, बासवर चार्ल्स मिंगस आणि ड्रम्सवर मॅक्स रोच. जॅझमधले बेबॉप नावाचे वादळ ज्यांच्या हातून उठले, त्यांपैकी हे पाच जण एका मंचावर होते. वादनाबद्दल जाणकारांनी इतके लिहून ठेवले आहे की मी त्यात भर घालावी असे काही उरलेले नाही. मला ओढ असते ती त्या ध्वनिमुद्रणातल्या श्रोत्यांची. जिवंत मैफलीची ध्वनिमुद्रिका ऐकताना कलावंतांइतकाच समोरच्या अंधारात बसलेल्या माणसांकडे कान लावण्याची खोड ज्यांना आहे, त्यांना मी काय म्हणतो आहे ते समजेल. कोण खोकले, कोणाला हसू आवरले नाही, कोणाची दाद क्षणभर आधी आली आणि मग एकटी पडल्याने ओशाळून थांबली, हे सारे मी ऐकत बसतो. घरचे म्हणतात की मी गाणे ऐकत नाही, गर्दी मोजतो. आरोप अगदीच खोटा नाही.

जॅझच्या श्रोत्यांविषयी माझी एक तक्रार मात्र जुनी आहे. एका वादकाची पाळी संपते, त्याचे शेवटचे आवर्तन पूर्ण होते आणि टाळ्या पडतात. परंतु ठेका थांबलेला नसतो. दुसऱ्याने तोपर्यंत सूत्र हाती घेतलेले असते, आणि त्याचे पहिले चार-सहा बार, म्हणजे ठेक्याचे छोटे तुकडे, पहिल्याच्या कौतुकात बुडून जातात. ज्या वाक्याने तो आपले म्हणणे मांडायला सुरुवात करतो, नेमके तेच वाक्य कोणाला धड ऐकू येत नाही. आपल्याकडे ही अडचण फारशी येत नाही, कारण ‘वाहवा’ समेवर येते, दोन श्वासांच्या मधल्या फटीत बसते आणि गाणाऱ्याला पुढे ढकलून स्वतः बाजूला होते. टाळीला असे बाजूला होता येत नाही. पॉवेल सुरुवात करतो आणि त्याच्यावर आधीच्या वादकाच्या टाळ्यांचा पाऊस पडत असतो, तेव्हा छत्री उघडायला वेळ न मिळालेल्या माणसाकडे पाहावे तसे मला त्याच्याबद्दल वाटते. अर्थात तेवढ्या पावसाने पॉवेलचे काही बिघडत नाही, हा भाग वेगळा.

मॅसी हॉलमधली टाळी मात्र मला आवडते, आणि ती का आवडते हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ती विरळ आहे. या सभागृहात त्या काळी अडीच हजारांहून अधिक माणसे बसू शकत, आणि त्या रात्री निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. भरल्या सभागृहातली टाळी एकसंध भिंतीसारखी येते. तिच्यात माणसे वेगळी काढता येत नाहीत. इथे मात्र टाळ्यांच्या मध्ये हवा आहे. पुढच्या रांगांतले तळहात आणि मागे कुठेतरी एकट्याने बसलेल्याचे तळहात वेगवेगळे ऐकू येतात, किंवा ते तसे येतात असे मी स्वतःला पटवून दिले आहे. गंमत अशी की हीच मैफल पुढे पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर आजवरची सर्वांत थोर जॅझ मैफल अशा अर्थाचे शीर्षक छापलेले होते. रिकाम्या खुर्च्या वेष्टनावर छापता येत नाहीत, हे प्रकाशकांच्या सोयीचेच झाले.

ही मैफल भरवली होती तीही रसिकांनीच. टोरांटोतल्या काही जॅझवेड्या तरुणांनी न्यू जॅझ सोसायटी नावाची मंडळी काढली आणि या पाच जणांना एकाच रात्री एकाच मंचावर आणायचे ठरवले. पदरमोड करून गवई बोलावणारी, तिकिटे स्वतःच फाडणारी आणि सतरंज्याही स्वतःच उचलणारी अशी मंडळी आपल्याकडे गावोगाव असतात. त्यांच्या उत्साहाचा आणि हिशेबाचा मेळ सहसा बसत नाही, तसा तो टोरांटोतही बसला नाही. तिकिटे पुरेशी खपली नाहीत, आणि कलावंतांच्या हाती ठरलेले मानधन नीट पडले नाही. धनादेश वटण्यावरून जे किस्से नंतर सांगितले गेले, ते प्रत्येक सांगणाऱ्यागणिक थोडे वाढले आहेत. टेप मात्र मिंगस आणि रोच यांच्याकडे गेली. या दोघांनी आदल्याच वर्षी डेब्यू नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली होती आणि तिच्यातर्फेच हे ध्वनिमुद्रण बाहेर आले. पार्कर दुसऱ्या कंपनीच्या कराराने बांधलेला असल्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले. ज्या माणसाचा एकेक सूर लोक झोपेतही ओळखत होते, त्याला खोटी मिशी लावून पाठवण्यातलाच हा प्रकार होता.

त्या रात्री पार्करच्या हातात नेहमीचा पितळी सॅक्सोफोनही नव्हता. त्याने वाजवला तो ग्राफ्टन नावाचा, इंग्लंडमध्ये बनलेला, हस्तिदंतासारख्या पांढुरक्या प्लास्टिकचा सॅक्सोफोन. त्याचे स्वतःचे वाद्य तेव्हा गहाण पडलेले होते, असे सांगितले जाते. पुढे १९९४ साली लंडनमधल्या लिलावात हाच प्लास्टिकचा सॅक्सोफोन ९३,५०० पौंडांना गेला आणि आता तो पार्करच्या गावी, कॅन्सस सिटीच्या जॅझ संग्रहालयात काचेमागे आहे. मॅसी हॉलच्या अर्ध्या रिकाम्या रांगांत बसलेल्या कोणाला त्या पांढऱ्या वाद्याची गंमत वाटली असेल, कोणाला कीव आली असेल; सूर लागल्यावर मात्र ते वाद्य कशाचे आहे याची आठवण कोणाला राहिली असेल असे मला वाटत नाही. ‘सॉल्ट पीनट्स’च्या आधी पार्कर बोलायला उभा राहतो आणि गिलेस्पीची ओळख इतक्या अदबीने करून देतो की त्या अदबीच्या आत बारीकशी टाचणी असावी असा संशय येतो. मग रचना सुरू होते, गिलेस्पी खाऱ्या दाण्यांच्या आरोळ्या देत राहतो, आणि खाली हशा पिकतो. या विनोदावर पार्कर रागावला होता की खूश होता, यावर रसिक अजूनही भांडतात. मला त्याच्या वाजवण्यात दोन्ही ऐकू येते, आणि बहुधा म्हणूनच मी हे गाणे पुन्हा पुन्हा लावतो.

आता मध्यंतराचे सांगतो, कारण मला खरे तर त्याविषयीच लिहायचे होते.

त्याच रात्री शिकागोमध्ये रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची जागतिक हेवीवेट अजिंक्यपदाची लढत होती, आणि ती दूरचित्रवाणीवर दाखवली जात होती. खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्याचा दोष पुष्कळसा या लढतीच्या माथी मारला जातो. जे आले होते, त्यांतलेही काही जण मध्यंतरात रस्ता ओलांडून समोरच्या मद्यालयात लढत पाहायला गेले, आणि कलावंतांतलेही कोणी कोणी गेले, असे सांगतात. पुढे काय झाले ते मुष्टियुद्धाच्या नोंदींत आहे: मार्सियानोने पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे पंचवीस सेकंदांत वॉलकॉटला लोळवले. ज्यांना कोट घालून, जिना उतरून, रस्ता ओलांडून आणि गर्दीतून वाट काढून आत पोचायला उशीर झाला असेल, त्यांना पडद्यावर फक्त निकाल देणारा पंच दिसला असणार. जॅझच्या रसिकांवर मार्सियानोने केलेले हे उपकार कोणी मोजलेले नाहीत. लढत पंधरा फेऱ्यांची झाली असती, तर उत्तरार्धात टाळ्या वाजवायला किती हात उरले असते कोण जाणे.

हे वाचून पूर्वी मला त्या लोकांचा राग येत असे. पार्कर आणि गिलेस्पी एकत्र वाजवत असताना कोणी मुष्टियुद्ध पाहायला जातो का, असे मी तावातावाने विचारीत असे. मग एके दिवशी मला २५ जून १९८३ आठवला आणि माझा आवाज खाली आला.

त्या संध्याकाळी बाबा मला पुण्यात पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात गाण्याला घेऊन गेले होते. मी चौदा वर्षांचा होतो आणि माझा जीव लॉर्ड्सवर अडकला होता. भारत १८३ धावांत गुंडाळला गेला होता, म्हणजे आशेला जागा फारशी नव्हती, आणि तरीही वेस्ट इंडीजचे गडी पडत होते. गायक वयस्क होते, प्रसिद्ध नव्हते. त्यांचा ख्याल सुरू असताना मागच्या रांगांतून पाय न वाजवता माणसे उठून बाहेर जात होती. बाबांना ते दिसत होते. त्यांनी मान वळवली नाही. मध्यंतर झाले तसा मी पाणी पिण्याचे निमित्त करून निसटलो. बाहेर पानाच्या गादीवर ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्याभोवती अर्धी मैफल उभी होती. दुजाँ आणि मार्शल चिवटपणे टिकून होते, आणि ‘हे दोघे गेले की परत आत जाऊ’ असे मी मनाशी ठरवले होते. दुजाँ गेला, मी थांबलो. मार्शल गेला, मी थांबलो. मोहिंदरने होल्डिंगला पायचीत केले तेव्हा मध्यरात्र होत आली होती, आणि रस्त्यावर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. त्या आवाजात आतला तंबोरा ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. फटाके मात्र आत नक्की ऐकू गेले असणार.

मॅसी हॉलच्या उत्तरार्धात आधी एकटा रोच आणि मग पॉवेलचे त्रिकूट वाजले, आणि नंतर पाचही जण पुन्हा एकत्र आले. शेवटची रचना ‘अ नाइट इन ट्युनिशिया’. तिच्यात एक जागा अशी आहे की बाकीची सगळी वाद्ये एकदम थांबतात आणि चार बारांपुरता पार्कर एकटाच उरतो. ठेका कोणी धरलेला नसतो. तो ऐकणाऱ्यांच्या अंगात चालू असतो, आणि पार्कर खाली उतरतो तेव्हा तो बरोबर जागेवर सापडतो. मी श्रोत्यांकडे कान लावतो असे म्हणालो, पण या चार बारांत मला श्रोते कधीच ऐकू येत नाहीत.

त्या रात्रीच्या श्रोत्यांकडे एक गोष्ट अशी होती की जी ध्वनिमुद्रिका घेणाऱ्यांना कितीतरी वर्षे मिळाली नाही. मूळ टेपवर बासचा आवाज फार क्षीण आला होता, म्हणून मिंगसने नंतर स्टुडिओत बसून आपला बास पुन्हा वाजवला आणि तो वरून चढवला. त्यामुळे कित्येक वर्षे जगाने ऐकला तो बास त्या रात्रीचा नव्हताच. मूळचा, पुसट, इतरांच्या मागे राहणारा बास ऐकला होता तो फक्त त्या विरळ रांगांनी. नंतर मूळ टेपही प्रकाशित झाली. पहिल्यांदा ती ऐकताना मी आवाज इतका वाढवला की शेजारच्यांनी दार वाजवले. मिंगस १९७९ च्या जानेवारीत मेक्सिकोत वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या पत्नीने त्याच्या अस्थी इथे आणून गंगेत सोडल्या. या गोष्टीचा मैफलीशी तसा काही संबंध नाही, पण त्याचा बास ऐकताना ती मला दर वेळी आठवते.

पुण्यातल्या त्या रात्री मी सभागृहात परतलो तेव्हा भैरवी संपत आली होती. आत वीस-बावीस माणसे उरली असतील. टाळ्या वाजल्या, त्या मला अजून आठवतात, कारण त्यांच्यातली प्रत्येक वेगळी ऐकू येत होती. बाबांनी टाळी वाजवली नाही; त्यांचा उजवा हात समेवर पडला होता, तसाच गुडघ्यावर उताणा राहिला होता. घरी येताना सायकलच्या मागच्या बाजूला बसून मी त्यांना पूर्ण धावफलक सांगितला, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मध्यंतरानंतर गायक काय गायले हे मी त्यांना विचारले नाही. पुढेही विचारायचे राहिले, आणि आता बाबा नाहीत. गायकही गेले. त्या सभागृहात टेप लावलेली नव्हती.