आमची वाटचाल : गाण्याची पेटी, आवाज न करणारी

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘संगीतपेटी’ असा शब्द असल्यामुळे महिन्यातून एखादा तरी फोन हार्मोनियमचे सूर जुळवून मिळतील का, हे विचारण्यासाठी येतो. आम्ही बनवतो ती पेटी वेगळी आहे. घरातल्या सीडी आणि कॅसेटमधले सगळे संगीत स्वतःत साठवून ठेवणारा, घरातल्या नेटवर्कवरून ते कोणत्याही खोलीत पोहोचवणारा आणि याखेरीज दुसरे कोणतेही काम न करणारा तो एक लहानसा संगणक असतो. पाटी बदलावी असे माझ्या बायकोने, म्हणजे हिने, अनेकदा सुचवले. परंतु ग्राहकच या संगणकाला ‘पेटी’ म्हणू लागले होते, तेव्हा आम्हीही तोच शब्द ठेवला.

२००९ साली पुण्यात बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, मी संगणक दुरुस्तीचे दुकान थाटले. संगीताशी त्याचा काही संबंध नव्हता. तो २०१२ साली आला, सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या निमित्ताने. त्यांच्याकडे सहाशेच्या आसपास सीडी होत्या आणि मुलाने अमेरिकेहून पाठवलेले, नेटवर्कवरून गाणी वाजवणारे स्क्वीझबॉक्स नावाचे यंत्र होते. स्लिम डिव्हायसेस या कंपनीचे हे यंत्र २००६ मध्ये लॉजिटेक या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २०१२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आता आपल्या संग्रहाचे काय होणार, या काळजीने काका दुकानात आले होते. सुदैवाने त्या यंत्राला संगीत पुरवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोत होते, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला होता, आणि ते कोणत्याही साध्या संगणकावर बसवता येत होते. आजही ते जगभरचे हौशी लोक सांभाळतात आणि २०२४ पासून ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालते. मी दुकानातल्या एका जुन्या डेस्कटॉपमधली सगळी माहिती पुसून घेतली, त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि हे सॉफ्टवेअर बसवले आणि तो त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. चौथ्या दिवशी फोन आला. “गाणे उत्तम वाजते हो, पण तानपुऱ्याच्या मागे तुमचा पंखाही वाजतो.”

या धंद्यातली पहिली अट त्या एका वाक्याने कळली. चित्रपटगीतांच्या गजरात संगणकाचा पंखा ऐकू येत नाही. विलंबित ख्यालात, गायक श्वास घेतो त्या जागी, तो नेमका ऐकू येतो. फिरणाऱ्या हार्ड डिस्कची घरघरही तशीच. तेव्हापासून बैठकीच्या खोलीत ठेवायच्या पेटीत पंखा नाही आणि फिरणारी डिस्कही नाही, हा नियम आम्ही आजवर मोडलेला नाही.

त्याच वर्षी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बाजारात आला होता. पंखा नाही, वीज नावापुरती, किंमतही आवाक्यातली. त्यामुळे २०१३ मध्ये आम्ही त्यावर पहिली खरी पेटी बांधली. तिच्या जोडणीत चूक आमची झाली. डिस्क, नेटवर्क आणि आवाजाचे यंत्र हे तिन्ही आम्ही यूएसबीच्या एकाच वाटेवर टांगले आणि त्या गर्दीत मधूनच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. २०१४ मध्ये रास्पबेरी पायचा चाळीस पिनांचा नवा बोर्ड आल्यावर आवाजाचे वेगळे कार्ड थेट त्या पिनांवर बसवता आले, यूएसबीची वाट मोकळी झाली आणि ‘टक्’ थांबले.

मग आला गुरुवार. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. शुक्रवारी सकाळी दुकान उघडावे तो दारात पेटी हातात घेऊन ग्राहक उभे, असे पहिल्या दोन वर्षांत इतक्या वेळा झाले की, आमचा सहायक शुक्रवारी लवकरच येऊ लागला. कारण साधे होते. सर्व्हर दिवसभर आपल्या नोंदी मेमरी कार्डावर लिहीत असतो. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची मांडणी विस्कटते आणि पेटी पुन्हा उठत नाही. ग्राहकाला ‘आधी शट डाउन करा’ असे सांगून काही उपयोग होत नाही, कारण रेडिओ कोणी शट डाउन करत नाही. शेवटी आम्ही संपूर्ण प्रणाली सुरू होताना संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत चढेल आणि मूळ कार्ड फक्त वाचले जाईल, अशी रचना केली. नोंदींचा भाग वेगळ्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, नेला. घरोघरी राउटरसाठी बारा व्होल्टचे छोटे यूपीएस आल्यापासून तर त्याचीच थोडी मोठी आवृत्ती आम्ही पेटीसोबत देतो. शुक्रवारची रांग संपली.

सर्वांत मोठी ठेच मात्र विजेमुळे लागली नाही. २०१७ मध्ये रत्नागिरीच्या एका कुटुंबाने वडिलांच्या कीर्तनांच्या बेचाळीस कॅसेट आमच्याकडून डिजिटल करून घेतल्या. पावसाळी हवेने फितींवर पांढरी बुरशी धरली होती. ती साफ करून, प्रत्येक कॅसेट पूर्ण वेळ वाजवून, आम्ही त्या उतरवल्या. आठ महिन्यांनी पेटीतली डिस्क गेली. आमच्याकडची प्रत आम्ही जागा हवी म्हणून काढून टाकली होती आणि मूळ कॅसेट त्या घराने, आता काम झाले म्हणून, घर आवरताना टाकून दिल्या होत्या. डिस्कमधली माहिती परत मिळवून देणाऱ्या एका व्यावसायिकाकडून एकोणतीस कॅसेटपुरते आवाज परत आले, तेरा आले नाहीत. पैसे आम्ही परत केले, पण त्याने काय होते? त्या दिवसापासून दुसरी डिस्क आमच्या बिलात वेगळी ओळ म्हणून येत नाही, ती पेटीचाच भाग असते. दर महिन्याला आपोआप प्रत निघते, आणि डिस्क जोडलेली नसेल तर पेटी पुढच्या वेळी चालू होताना ते बोलून सांगते. ज्यांना दुसऱ्या डिस्कचा खर्च नको असतो, त्यांचे काम आम्ही घेत नाही. मूळ कॅसेट टाकू नका, हे वाक्य आता पावतीवर छापलेले आहे.

२०२१ पासून रास्पबेरी पायच्या बोर्डांचा जगभर तुटवडा पडला आणि मिळतील त्यांचे भाव न परवडणारे झाले. दोन वर्षे आम्ही कार्यालयांतून निघालेले, पंखा नसलेले छोटे जुने संगणक घेऊन काम भागवले. २०२३ मध्ये इंटेलचा एन-१०० हा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आला. आता बहुतेक पेट्या त्यावरच असतात. गाणे पुरवण्यासाठी तेवढी ताकद लागत नाही, हे खरे आहे. पण हजारो गाण्यांची सूची नव्याने वाचायला जुन्या बोर्डाला जो वेळ लागे, तो आता लागत नाही. चोवीस तास चालू ठेवली तरी अशी पेटी सरासरी आठ वॉट घेते, म्हणजे महिन्याला साधारण सहा युनिट. काकांच्या घरी ठेवलेला तो पहिला डेस्कटॉप साठ वॉट घेत असे.

डिस्क किती मोठी हवी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि जवळजवळ प्रत्येक जण गरजेपेक्षा मोठी मागतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत, दोन बाजूंचा आवाज मोजलेला असतो. त्याचे मिनिटाला सुमारे दहा एमबी होतात. फ्लॅक या पद्धतीने काहीही न गमावता ते साधारण निम्म्यावर येते. हजार सीडींचा संग्रह, म्हणजे भिंतभर कपाट, चारशे जीबीच्या आत बसतो. एक टीबी पुष्कळ झाला. उरलेले पैसे स्पीकरवर खर्च करा, असे आम्ही सांगतो, कारण सर्व्हर फक्त आकडे पाठवतो आणि आवाजाचा कस पुढे लागतो. सर्व्हरला महागडी नेटवर्क केबल लावल्याने गायकाचा गळा खुलतो, असे मानणारे ग्राहकही येतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, केबल मात्र विकत नाही.

सीडी उतरवतानाही एक अडचण खास आपली आहे. वाचलेली सीडी बरोबर वाचली गेली का, हे जगभरच्या इतरांनी केलेल्या वाचनाशी ताडून पाहण्याची सोय आहे. पण मराठी नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या अनेक सीडी त्या यादीत सापडतच नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक सीडी दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचतो आणि दोन्ही वाचने तंतोतंत जुळली तरच पुढे जातो.

इथपर्यंतचे काम कोणताही धडपड्या तरुण घरी करू शकेल. आमचा खरा वेळ जातो तो नावांत. हिने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा दिलेली आहे आणि २०१५ पासून हे खाते पूर्णपणे तिच्याकडे आहे. परदेशी सॉफ्टवेअरला गाणे म्हणजे गायक, अल्बम आणि क्रमांक एवढेच ठाऊक. राग कुठे लिहायचा? ताल कुठे? तबल्यावर कोण आहे, हे कुठे? सुरुवातीला आम्ही इंटरनेटवरून येणारी नावे तशीच ठेवली, तर निम्मे गायक ‘प’खाली आणि उरलेले ‘उ’खाली जाऊन बसले, कारण सगळे पंडित नाहीतर उस्ताद. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे तीन वेगवेगळे गायक झाले. आता दाखवण्याचे नाव आदरासह आणि क्रम लावण्याचे नाव आडनावाने, अशा दोन नोंदी ती प्रत्येकासाठी करते. राग, ताल आणि रागाचा प्रहर यांच्यासाठी वेगळे रकाने केले आहेत. त्यामुळे पेटीवर ‘सकाळ’ निवडले की तोडी, ललत, भैरव समोर येतात.

दुसरी डोकेदुखी अक्षरांची. ‘वाऱ्या’मधला अर्धा र टंकण्याचे दोन मार्ग आहेत; पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका ग्राहकांना समोर दिसणारे गाणे शोधून सापडेना, तेव्हा हा घोळ कळायला आम्हाला दोन दिवस लागले. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो संग्रहातली सगळी नावे एकाच पद्धतीत आणतो आणि शोधताना टंकलेला शब्दही त्याच पद्धतीत बदलून घेतो. दोन ट्रॅकमधली शांतताही अशीच निस्तरावी लागली. विलंबित संपून द्रुत सुरू होते, तिथे सीडीवर नवा ट्रॅक असतो, पण गाणे थांबलेले नसते. वाजवणाऱ्या यंत्राने तिथे अर्धा सेकंद जरी घेतला तरी समेवर खड्डा पडतो. प्रत्येक पेटी बाहेर पडण्यापूर्वी अशा एका जागेवर कान लावून तपासली जाते.

‘तयार गाणी भरून देता का?’ या प्रश्नाला आम्ही पहिल्यापासून नाही म्हणत आलो आहोत. ग्राहकाने विकत घेतलेले किंवा घरात ध्वनिमुद्रित केलेले, तेवढेच उतरवतो. यामुळे काही मागण्या हातच्या गेल्या, हे मान्य करायला हवे.

आज आम्ही तिघे आहोत आणि महिन्याला चार-पाच पेट्या बाहेर पडतात. याहून जास्त घेतल्या तर नावांचे काम उरकल्यासारखे होते. घरगुती मैफलींच्या कॅसेटवर बहुतेक वेळा फक्त तारीख असते, रागाचे नाव नसते. अशा ध्वनिमुद्रणांच्या रकान्यात ही ‘राग : विचारणे’ असे लिहून ठेवते. दर दोन महिन्यांनी तिचे गुरुजी दुकानात येतात, चहा घेतात आणि साठलेली यादी ऐकत बसतात. मागच्या खेपेला त्यांनी अकरा नावे सांगितली. बाराव्याला डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, “हे पुन्हा लाव. पहिल्यापासून.” त्या नोंदीपुढे अजून ‘विचारणे’ असेच आहे.