सागरेश्वर डाव्या हाताला

ठरल्या मार्गावर आहोत हे दाखवणारी सुई मधोमध असली की विमानातला माणूस निवांत होतो. मी प्रशिक्षक, त्यामुळे मी तरी व्हायला नको होतं.

सांगलीवरून कराड. विद्यार्थ्याचं क्रॉस-कंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी मार्ग शोधत जायचं सरावाचं उड्डाण, मी उजव्या सीटवर. सेसना १७२, साडेचार हजार फूट, पाऊस सरून हवा धुतल्यासारखी. आमच्या विमानातल्या डेटाबेसमध्ये कराडची धावपट्टी सापडली नव्हती, म्हणून पोरानं निघण्याआधी अक्षांश-रेखांश टाकून स्वतःचा वेपॉइंट, म्हणजे यंत्रानं गाठायचा बिंदू, केला होता. "मॅडम, एकदा बघता का?" असं त्यानं विचारलंही. मी इंधन बघत होते. "हं, ठीक आहे," म्हटलं. न बघता.

सांगली मागे पडली. पडद्यावर मार्गाची जांभळी रेष सरळ, आम्ही तिच्यावर. मी कौतुकानं जीपीएसचं पान उघडून दाखवलं: स्वतःच्या जागेबद्दल यंत्राचा अंदाज चुकलाच तर ०.०३ नॉटिकल मैलानं, म्हणजे जेमतेम ५५ मीटर. "बघ, केवढं अचूक," असंही वर म्हणाले. ते वाक्य अजून टोचतं.

मग डावीकडे डोंगर आले. मी पलूसकडची. श्रावणी सोमवारी आजीचं बोट धरून ज्या सागरेश्वराला गेले, ते डोंगर मला वरूनही ओळखू येतात. कराडला जाताना ते उजव्या हाताला पडायला हवेत. आणि जी कृष्णा जवळ हवी, ती पार लांब डावीकडे, उन्हात चमकणारी बारीक रेघ.

"तुझ्या कागदावर दिशा किती रे?"

"तीनशे सतरा अंश, मॅडम."

"आणि आपण?"

तो गप्प. मग हळूच, "तीनशे पस्तीस."

कागदावर अंतर ३५ नॉटिकल मैल, यंत्रात ४१. निघतानाच दोन्ही आकडे दोघांच्याही नाकासमोर होते.

डावीकडे वळवलं, नदी धरली. थोड्या वेळात आगाशिवाचा डोंगर आणि कृष्णा-कोयना समोरासमोर भिडतात तो प्रीतिसंगम दिसला, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. उतरणं अगदी साधं झालं.

खाली कागद तपासला. पोरानं मोबाईलच्या नकाशावरून १७.२८६ आणि ७४.१५८ असे दशांश अंश उतरवले होते. यंत्राला हवे होते अंश आणि मिनिटं. त्यानं टाकलं १७ अंश २८.६ मिनिटं, ७४ अंश १५.८ मिनिटं. कराड आहे १७ अंश १७ मिनिटांवर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. म्हणजे उत्तरेला साडेअकरा मैल, आणि रेखांशाच्या चुकीनं पूर्वेला सहा. त्यामुळे आमचं 'कराड' खऱ्या कराडपासून १३ नॉटिकल मैल, म्हणजे २४ किलोमीटर ईशान्येला, मसूर ओलांडून पुढे कुठेतरी माळावर.

आदल्या आठवड्यात मीच वर्गात फळ्यावर लिहिलं होतं: आरनॅव्ह ५ या मार्गदर्शनाच्या मानकाचा अर्थ, उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ ठरल्या मार्गाच्या ५ नॉटिकल मैलांच्या आत. आरएनपी या त्याच्याच भावंड-मानकात आणखी एक अट: यंत्रानं स्वतःवर नजर ठेवायची आणि भरवसा राहिला नाही तर वैमानिकाला सांगायचं. एकूण चुकीचे भाग तीन: आपण कुठे आहोत यातली चूक, रेषेवर विमान धरण्यातली चूक, आणि रेषाच चुकीची आखली जाणं. तिसरी नगण्य धरतात, कारण मोठ्या विमानांच्या एफएमएसमध्ये, म्हणजे मार्ग सांभाळणाऱ्या संगणकात, मार्ग दर २८ दिवसांनी बदलणाऱ्या, तपासलेल्या डेटाबेसमधून येतात. उतरण्याच्या प्रक्रियेतले बिंदू कुणी हातानं टाकत नाही. आमच्याकडे पहिल्या दोन चुका जवळपास शून्य होत्या. यंत्र बिचारं कशाची तक्रार करणार? ते माळावर अचूक नेत होतं.

कोलंबियातला २० डिसेंबर १९९५ चा कालीचा अपघातही त्याच तासाला शिकवला होता. वैमानिकांनी रोझो या रेडिओ बीकनसाठी नुसतं 'आर' टाकलं, संगणकानं बोगोटाजवळचं रोमिओ हे दुसरंच बीकन उचललं, विमान डोंगराकडे वळलं, १५९ जणांचा जीव गेला. हे शिकवून आठ दिवसांत मी "हं, ठीक आहे" म्हणाले होते.

परतीआधी त्याला वेपॉइंट पुसून पुन्हा टाकायला लावला. या वेळी मी चष्मा लावून शेजारी वाकले. त्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, एंटर दाबलं.

"अंतर किती दाखवतंय?"

"शून्य पूर्णांक एक, मॅडम."

आम्ही धावपट्टीच्या कडेलाच उभे होतो.