तुम्ही विचारलंत म्हणून: लेकावळ्याला गादी मिळाली कशी?

दक्षिण स्कॉटलंडात, डम्फ्रीजजवळ राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात भारतातून कुणी आलं की मी त्यांना थ्रीव्हचा किल्ला दाखवायला नेतेच. शेतांच्या कडेकडेनं चालत जायचं, डी नदीच्या काठावरची घंटा वाजवायची, की पलीकडच्या बेटावरून होडी येते. बेटावर उंच, राखाडी, उग्र दिसणारा एकच बुरूज. हा बांधला आर्चिबाल्ड डग्लसनं, तिसऱ्या अर्ल ऑफ डग्लसनं (अर्ल म्हणजे वंशपरंपरेनं चालणारी मोठी सरदारकी). लोक त्याला ‘द ग्रिम’ म्हणत, म्हणजे करड्या चेहऱ्याचा. सर जेम्स डग्लसचा हा अनौरस मुलगा, एवढं मी सांगते आणि होडी हलायच्या आत प्रश्न येतो: “अनौरस? मग गादी त्याला मिळाली कशी?”

नदी तिथे फार रुंद नाही, त्यामुळे उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. तेच आज पुरं करते.

बहुतेकांची अपेक्षा असते की मी तलवारीचं नाव घेईन. तलवार होतीच. फ्रुआसार नावाच्या फ्रेंच बखरकारानं लिहून ठेवलंय, की याची तलवार दुसऱ्याला धड उचलताही येत नसे. 1356 मध्ये प्वातिएच्या लढाईत तो फ्रेंचांच्या बाजूनं लढताना इंग्रजांच्या हाती लागला, तेव्हाची गोष्ट तर मुलांना फार आवडते. अंगावर भारी चिलखत, म्हणजे खंडणीही भारी. पण सोबतच्या रॅम्झी नावाच्या सरदारानं प्रसंग ओळखला आणि सगळ्यांदेखत याच्यावर खेकसला, “धन्याचं चिलखत चोरून घालतोस काय रे? काढ माझे बूट!” याला चार ठेवूनही दिल्या. इंग्रजांना वाटलं, हा कुणीतरी नोकर. चाळीस शिलिंगांत सुटका झाली. खरी किती, रचलेली किती, देव जाणे. पण त्याला नोकर म्हणून खपवता आलं, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात मार्मिक वाटतं.

गादी मात्र तलवारीनं आली नाही. ती आली एका कागदानं.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. बाप, सर जेम्स, हा रॉबर्ट ब्रूस राजाचा उजवा हात. राजाचं हृदय डबीत घेऊन धर्मयुद्धाला निघाला आणि 1330 मध्ये स्पेनमध्ये तेबा इथे पडला. त्याचा औरस मुलगा 1333 मध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत गेला. त्याच लढाईत जेम्सचा धाकटा भाऊही गेला. उरला मधला भाऊ ह्यू, तो पाद्री. 1342 मध्ये ह्यूनं जहागीर राजाकडे परत केली आणि राजानं ती नव्यानं लावून दिली, क्रम घालून. आधी विल्यम, म्हणजे मारल्या गेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा, आणि त्याचे पुरुष वारस. ते खुंटले तर लिडस्डेलचा विल्यम डग्लस, भाऊबंदांपैकीच एक. आणि तोही वंश खुंटला तर जेम्सचा मुलगा आर्चिबाल्ड.

तिसरा नंबर. पंगतीत शेवटच्या पानावर बसवलेल्या मुलासारखा. पण पान मांडलं होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे ज्याला लेकावळा म्हणत, त्याचं नाव राजाच्या सनदेत चढलं होतं.

मग पुढची सेहेचाळीस वर्षं काय झालं? दुसरा नंबर पहिल्यानंच संपवला: 1353 मध्ये विल्यमनं लिडस्डेलच्या विल्यमला एट्रिकच्या जंगलात गाठून ठार केलं. (आजच्या संपत्तीच्या खटल्यांना कंटाळलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.) विल्यम पुढे पहिला अर्ल झाला. आर्चिबाल्ड या सगळ्यात चुलतभावाच्या वाटेला गेला नाही. त्यानं आपलं वेगळं घर उभं केलं, आणि त्याचा पाया होता लग्न.

1362 मध्ये त्यानं जोआना मरेशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा राजाच्या खंडणीपोटी इंग्लंडात ओलीस असताना वारला होता. जोआनाबरोबर बॉथवेलचा किल्ला आणि मरे घराण्याच्या जमिनी आल्या. 1369 मध्ये दुसऱ्या डेव्हिड राजानं त्याला निथ आणि क्री या नद्यांमधला गॅलोवे दिला. क्रीच्या पलीकडचा विग्टनचा मुलूख त्यानं 1372 मध्ये थेट विकत घेतला, 500 पौंडांना. सरदारकी अशी रोकड मोजून घेणं म्हणजे हिशेबी माणसाचं काम. थ्रीव्ह बांधला तो याच गॅलोवेवर पकड बसवण्यासाठी. दरवाजाच्या वर एक दगड पुढे आलेला आहे. तिथे फासाचा दोर कधी रिकामा लोंबला नाही, अशी म्हण आहे. पाहुणे त्याचा फोटो हमखास काढतात. मला त्यापेक्षा 1384 सालची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते: राजाचे नवे कायदे आले तेव्हा यानं गॅलोवेचे जुने, स्वतंत्र कायदे राखून ठेवायचा आग्रह धरला. बाहेरून आलेला धनी, आणि भांडतोय तिथल्या रिवाजासाठी. अर्थात त्या कायद्यांनी चालणारी कचेरी त्याचीच होती, हेही खरं.

ऑगस्ट 1388. ऑटरबर्नच्या लढाईत दुसरा अर्ल जेम्स, आर्चिबाल्डचा चुलतपुतण्या, मारला गेला. औरस मूल नाही. बहीण इझाबेला होती, आणि तिच्या नवऱ्यानं, माल्कम ड्रमंडनं, हक्क सांगितला. तेव्हा 1342 चा तो कागद बाहेर निघाला. पुढच्या एप्रिलमध्ये संसदेनं निकाल दिला: पुरुष वारस खुंटले, लिडस्डेलचे कधीच खुंटलेत, तेव्हा आर्चिबाल्ड. राज्याचा कारभार पाहणारा फाइफचा अर्ल त्याच्या बाजूचा होता, ही गोष्ट कामाला आली नसेल असं कोण म्हणेल? साठीच्या आसपास पोचलेला माणूस अर्ल झाला. इझाबेलाकडे मारचा मुलूख राहिला.

आणि गंमत पाहा, त्याच सुमाराला त्याच घराण्यातला आणखी एक अनौरस, पहिल्या अर्लचा मुलगा जॉर्ज, आईकडून अँगसचा अर्ल झाला. त्याचा वंश ‘लाल डग्लस’, आर्चिबाल्डचा ‘काळा डग्लस’. स्कॉटलंडच्या पुढच्या शतकातली दोन्ही मोठी डग्लस घराणी अशी निघाली.

गादी आल्यावर म्हाताऱ्यानं सोयरिकींचा सपाटा लावला. थोरल्या मुलाला राजाची मुलगी मार्गारेट केली. स्वतःचाही एक अनौरस मुलगा होता, निथ्सडेलचा विल्यम. त्यालाही आधीच, 1387 मध्ये, राजकन्या मिळाली होती. उरली मुलगी मार्जरी. युवराज डेव्हिडचं लग्न अर्ल ऑफ मार्चच्या मुलीशी ठरलं होतं. आर्चिबाल्डनं जास्त बोली लावली आणि 1400 मध्ये बॉथवेलच्या चर्चमध्ये मार्जरीशी युवराजाचं लग्न लागलं. मोडलेल्या सोयरिकीचा अपमान गिळवेना, म्हणून मार्चचा अर्ल इंग्रजांना जाऊन मिळाला. दोन वर्षांत युवराज फॉकलंडच्या कैदेत मेला. त्याला धरणाऱ्यांत मार्जरीचा सख्खा भाऊ होता. पण हे पाहायला आर्चिबाल्ड उरला नव्हता. 1400 च्या नाताळच्या आदल्या रात्री तो थ्रीव्हलाच गेला. त्याचा पणतू, सोळाएक वर्षांचा सहावा अर्ल, 1440 मध्ये एडिनबराच्या किल्ल्यात धाकट्या भावासकट मारला गेला. त्या खुनानं गादी कुणाला मिळाली? आर्चिबाल्डच्याच धाकट्या मुलाला.

आर्चिबाल्डच्या थोरल्या सुनेची, मार्गारेटची, समाधी आमच्या घरापासून जवळ, लिंक्लूडनला आहे. तिथे आधी जोगिणींचा मठ होता. आर्चिबाल्डनं त्यांच्यावर बदचालीचा ठपका ठेवून त्यांना बाहेर काढलं आणि आपल्या पुरोहितांचं चर्च उभं केलं. अनौरस माणसानं बायकांच्या चालीबद्दल बोलावं का, असं आमच्या आत्या तिथे उभ्या राहून म्हणाल्या. मी म्हटलं, आत्या, त्याचा त्यात काय दोष. त्या म्हणाल्या, “दोष नाही गं. पण सगळा वेळ तू त्याच्या बापाचं सांगतेस. आई कोण होती?”

मी त्यांना 1342 चा कागद पुन्हा सांगितला: आर्चिबाल्ड, जेम्सचा मुलगा. आईचं नाव त्यात नाही, आणि दुसऱ्याही कुठल्या कागदात नाही.