पावसाआधी जुनेराचा निकाल

गोव्यात राहून ‘परदेशातले अनुभव’ कसले लिहितेस, असं कराडच्या मैत्रिणी चिडवतात. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा खराखुरा परदेशच होता, एवढं उत्तर देऊन मी पुढे जाते. इथली भाषा जुळली, मासळी तर केव्हाच जुळली. हवा मात्र अजून परकी आहे. आंबोलीचा घाट उतरला की कपड्यांचे नियमच बदलतात.

आपल्याकडे जुना कपडा टाकत नाहीत. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणत ट्रंकेत जातो. आईच्या ट्रंकेत दादाच्या मुंजीतलं धोतर अजून कडकडीत कोरडं आहे, डांबरगोळीच्या वासासकट. ट्रंक भरली की बोहारीण यायची. चार साड्या, दोन पॅंटी, त्यावर एक पातेलं आणि पातेल्यापेक्षा मोठी घासाघीस! इथे आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, बोहारीण काही मला दिसली नाही, आणि ट्रंकेच्या भरवशावर तर राहूच नये. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. घडी घालून ठेवलेल्या सुती साडीवर बघता बघता पांढरी भुरी धरते, मग काळे ठिपके उमटतात, आणि ते ठिपके कुठल्याही साबणाला दाद देत नाहीत. सूत हे बुरशीचं खाद्यच, आणि खळ दिलेली असेल तर मेजवानी. म्हणजे ‘ठेवून देणं’ हा मार्ग बंद. मे संपायच्या आत प्रत्येक जुन्या कपड्याचा निकाल लावायचा.

तो मोसम इथे तसाही भरून ठेवायचाच असतो. पुरुमेत म्हणतात त्याला. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा, सगळं पावसाआधी घरात यायला हवं. त्याच उन्हात आमचंही जुनेर बाहेर पडतं. आमच्या घरमालकीण काकी मूळ पेडण्याच्या. घरात बोलणं कोकणी, वाचणं मराठी. पलीकडे दोडामार्गची वहिनी राहते. दुपारची जेवणं आटोपली की आम्ही तिघी काकींच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, गाठोडी सोडून बसतो. काकी कपडा आधी उजेडासमोर धरतात. मग दोन्ही अंगठ्यांनी उभा ताणतात, मग आडवा. चर्र वाजलं की तो फडक्यांच्या ढिगात. न वाजता नुसता ताणला गेला तर माझ्याकडे फेकतात, “हे घे गे बाय, ह्यात अजून जीव आहे.” त्यांच्या हातून काही सुटत नाही. बटणं निघतात, काजपट्ट्या निघतात, हूक निघतात. लोखंडी हूक मात्र लगेच बाजूला. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याला गंज चढतो आणि एका पावसात नव्या कापडावर तांबूस डाग पाडतो. चेनसुद्धा आम्ही प्लॅस्टिकचीच लावतो.

सगळ्यात जास्त मागणी पावाच्या पिशवीला. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो. त्याची पोय आणि आपली पोळी वेगळी. पोळी म्हणजे आपली चपाती. इथली पोय म्हणजे कोंडा लावलेला पोकळ गोल पाव. ज्यांना इतक्या लवकर उठवत नाही ते फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात, पोदेर त्यात ठरलेले पाव घालून पुढे जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पोयीला घाम फुटतो आणि ती मऊ, चिवट होते. कापडात वाफ बाहेर निघते.

तर ही पिशवी मी नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीची करते. ऑफिसचा शर्ट आधी कॉलरला विरतो, मग काखेत. बाह्या शेवटपर्यंत धडधाकट असतात. बाही खांद्याकडून साधारण १६ इंचांवर कापायची, उलटी करायची, कापलेल्या तोंडाला दुहेरी टीप मारायची. खांद्याकडच्या रुंद तोंडाला नेफा आणि नाडी. उरतो कफ. तो फेकायचा नाही, खरी गंमत त्याच्यातच आहे. काज आणि बटण तयार असतंच. कफ बाहीपासून सोडवून एका जागी पिशवीच्या तोंडाशी पक्का शिवायचा, म्हणजे तो फाटकाच्या गजाभोवती गुंडाळून बटण लावता येतं. वाऱ्याने पडत नाही, आणि वाड्यावरचं कुत्रं नुसतंच उड्या मारून जातं. शिवोलीपर्यंत आमच्या ओळखीच्या फाटकांवर आता ऑफिसच्या बाह्या लटकतात.

उरलेल्या शर्टाची उशी. पुढचा बटणपट्टीचा भाग आणि पाठ, दोन्ही १७ इंच चौकोनी कापली की सगळीकडून अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून १६ इंची उशीचा अभ्रा होतो. बटणं उघडून उशी आत घालायची, वेगळी चेन नको. खिसा तसाच ठेवते, त्यात टीव्हीचा रिमोट राहतो.

मासळीच्या पिशवीसाठी मी बरेच दिवस जीन्सच्या मागे होते. मजबूत असते, दिसते छान. पण बांगड्याचं पाणी एकदा मुरलं की वास जात नाही, आणि जुलैत ती वाळता वाळत नाही. मार्ग वहिनीने काढला, मोडक्या छत्रीचा. पावसाळ्यात इथे घरोघरी एक-दोन छत्र्या काड्या वाकून पडलेल्या असतात. काड्या गेल्या तरी कापड नवंकोरं असतं. काडीचं प्रत्येक टोक कापडाला दोऱ्याने टाचलेलं असतं, तिथे ब्लेडने टाका उसवायचा. वरची टोपी काढायची. अख्खा घेर हातात येतो. तो मधोमध दुमडून बाजू सरळ कापल्या की पिशवीचं अंग झालं. कापलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या जोडून धरायचे बंद. घेराच्या मध्याचं भोक पिशवीच्या बुडाशी येतं, तिथे आतून-बाहेरून ठिगळ लावायचं. या कापडाला टाचणी टोचू नका, भोक पडलं की ते बुजत नाही. वाळत घालायचे चिमटे लावून पकडा. सुई ११ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओला राहून कुजतो. म्हापशाच्या बाजारातून आलं की पिशवी नळाखाली धरायची, झटकायची, दाराला अडकवायची. भात शिजेपर्यंत कोरडी. जीन्स मग नारळ आणि कलिंगडासाठी. तिला १६ ची सुई लागते, आणि चार पदर एकत्र येतात तिथे १८ ची, नाहीतर सुई मोडून डोळ्यात उडायची.

गोव्यातलं एक जुनेर कराडला मिळणारच नाही. काकींच्या भावाच्या मोरजीला भाड्याच्या खोल्या आहेत. हंगाम संपला की पाहुण्यांनी मागे टाकलेल्या कपड्यांचं बोचकं तो बहिणीकडे आणून देतो. हत्ती छापलेल्या ढगळ पॅंटी, समुद्रावर गुंडाळायची फडकी, एकदाच घातलेले गंजीफ्रॉक. लोक इथे येऊन चार दिवसांसाठी कपडे विकत घेतात आणि जाताना इथेच सोडून जातात! सत्तरच्या दशकात हणजुण्याचा बुधवारचा बाजार असाच उभा राहिला. परतीच्या पैशांसाठी हिप्पी आपले कपडे नि सामान तिथे विकायचे. तेव्हा निदान सोडलेल्या कपड्याला गिऱ्हाईक होतं.

त्या हत्तीच्या पॅंटी बहुतेक रेयॉनच्या. रेयॉन भिजलं की त्याची ताकद कमी होते, त्यामुळे ओझ्याच्या पिशवीला चालत नाही. पण अंगाला मऊ आणि रंगाला झकास. वहिनी त्याचे केसांचे चुणीदार रबर करते: ४ इंच रुंद, २० इंच लांब पट्टी, आत ७ इंच इलॅस्टिक. उरलेल्याची पोटली, डोक्याची पट्टी, नाहीतर पिशवीचं अस्तर.

दागिन्यांचं म्हणाल तर कच्चा माल आपल्या सगळ्यांच्या घरी पडून असतो: ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस. अंगाला पुरत नाहीत, कुणाला द्यायला बरे दिसत नाहीत, पुढच्या ओटीत ढकलायचे तर बाई ओळखते. शिवणसामानाच्या दुकानात कापड चढवायची धातूची बटणं मिळतात. खणाची नक्षी बरोब्बर मधे घेऊन चढवली आणि मागे कानातल्याची स्टीलची कडी लावली की झालं. विरलेल्या साडीचे जरीकाठ मी पिशवीच्या पट्ट्यांना लावते, आत जाड कापडाची पट्टी घालून, कारण नुसत्या काठाची जर खांद्याला टोचते. एवढ्यावर मी थांबते. मोबाइलवर दिसणाऱ्या निम्म्या वस्तू पाहून मला एकच प्रश्न पडतो, हिचं करायचं काय? बरणीला जीन्सचा झगा कशासाठी? पावसात तो बुरसटला की पुन्हा टाकणं आलंच.

पायपुसण्यांनाही हवेचाच कायदा लागतो. जुन्या टीशर्टच्या इंचभर रुंद पट्ट्या कापून ओढल्या की त्या आपोआप गोल वळतात. त्यांची वेणी घालून चक्राकार शिवली की छान पायपुसणं होतं. जाड केलं तर दोन दिवसांत कुबट. म्हणून एकाच वेणीचं, चपटं, आणि एक दारात, एक दोरीवर, एक पंख्याखाली. गोधडीचंही तेच. आपल्याकडची सात-आठ पदरांची वाकळ इथे कुणाच्या अंगावर टिकणार? दोन जुनेरांचं दुपटं, मधे काही नाही, धावदोरा जवळजवळ. डिसेंबरच्या पहाटेला तेवढं पुरतं.

गोधडीच्या बाबतीत मला खरी भुरळ घातली ती सीमेपलीकडे कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीने, म्हणजे त्यांच्या गोधडीने. यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून निसटून ते उत्तर कन्नडच्या जंगलात गेले. हल्याळ, यल्लापूरकडे त्यांची वस्ती आहे. आपण गोधडीला पदर अंथरून मग टाके घालतो. त्या कडेपासून सुरू करतात, ठिगळ जोडत आणि टाके घालत मध्याकडे येतात. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेली त्रिकोणी चिंधी लावतात, तिला फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडीच. मीही दुपट्याला ती लावायला लागले. काकींनी कोपरा चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, “हे धुताना अडकत नाही?” अडकतं. तरी लावते.

एवढं सगळं करूनही ज्यांचं काहीच होत नाही अशा पॅंटी आणि शर्ट उरतात. त्यांची सोय वाड्यावरची पोरं करतात. ३१ डिसेंबरला इथे ‘ओल्ड मॅन’ करतात. जुन्या कपड्यांत गवत भरून सरत्या वर्षाचा म्हातारा रस्त्याकडेला बसवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागायचे आणि मध्यरात्री त्याला पेटवून द्यायचा. मी पोरांना सुतीच देते, टेरिकॉट जळताना वितळतं आणि नाकात जाईल असा धूर करतं. गेल्या वर्षी म्हाताऱ्याच्या अंगात नवऱ्याचा चौकटीचा शर्ट होता, बाह्यांशिवाय. नवऱ्याने गाडी थांबवून दहा रुपये दिले, मग शर्ट ओळखला. पोरं म्हणाली, “काका, बाह्या पण द्या ना, म्हाताऱ्याला थंडी वाजते.” बाह्या तेव्हा फाटकाला होत्या.