ब्लड मून, अर्बोर्ग आणि ‘नंतरचं जिंकतं’ हा हट्ट

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात टेबलावर नियमावरून वाद झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “जे कार्ड नंतर आलं ते जिंकतं.” या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ते अर्धं खरं आहे. साफ खोटं असतं तर एका मिनिटात खोडून काढता आलं असतं. अर्धं खरं असल्यामुळे ते बोलणाऱ्याला दहा वेळा बरोबर उत्तर देतं आणि अकराव्या वेळी सगळा डाव चुकीच्या मार्गाला लावतं. ती अकरावी वेळ बहुतेकदा ब्लड मून आणि अर्बोर्ग या दोन कार्डांची असते.

नेहमीचे प्रश्न सुटायला फार काही लागत नाही. कार्डाचा चालू मजकूर बघायचा, म्हणजे ज्याला ओरॅकल म्हणतात तो. तो गॅदरर या अधिकृत साठ्यात फुकट मिळतो आणि खाली त्या कार्डावरचे खुलासे असतात. निम्मे वाद तिथेच संपतात. हातातल्या कार्डावर छापलेलं वाचून भांडू नका. ब्लड मून १९९४ सालचं कार्ड आहे, जुन्या प्रतीवरचा मजकूर आजच्या मजकुराशी शब्दशः जुळत नाही.

आता अडतं कुठे ते सांगतो. समजा टेबलावर चार गोष्टी आहेत: ब्लड मून, अर्बोर्ग टूम ऑफ यॉगमॉथ, एक स्टीम व्हेंट्स आणि एक साधं आयलंड. पहिलं सोडून बाकी तिन्ही लँड्स, म्हणजे माना (कार्डं खेळायला लागणारं इंधन) देणारी कार्डं. माउंटन लाल माना देतं, स्वॉम्प काळा. आयलंड बेसिक लँड आहे, स्टीम व्हेंट्स नॉनबेसिक. ब्लड मूनवर एवढंच लिहिलंय, “नॉनबेसिक लँड्स आर माउंटन्स.” अर्बोर्ग म्हणतं, प्रत्येक लँड इतर प्रकारांसोबत स्वॉम्पसुद्धा आहे. अर्बोर्ग स्वतः नॉनबेसिक लँड आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. ब्लड मून आधी पडलं होतं, अर्बोर्ग नंतर आलं. ‘नंतरचं जिंकतं’ म्हणणारे सांगतात की सगळी लँड्स स्वॉम्प झाली, काळा माना काढा. हे चूक आहे.

मला जास्त दमवतो तो दुसरा गट. त्यांनी लेयर, म्हणजे कार्डांचे परिणाम ज्या ठरलेल्या पायऱ्यांनी लागतात त्या, वाचलेले असतात. त्यांचा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो: प्रकार बदलणारे परिणाम लेयर ४ मध्ये लागतात, क्षमता काढणारे लेयर ६ मध्ये. मग अर्बोर्गची क्षमता जाणारच असेल तर ती लेयर ६ मध्ये जाईल, तोवर लेयर ४ मध्ये तिने आपलं काम केलेलं असेल. शिवाय ब्लड मूनवर क्षमता जाते असं लिहिलंय कुठे? या शेवटच्या प्रश्नाशी सगळं अडतं आणि लोक तिथेच हट्टाला पेटतात, कारण कार्डावर ते खरंच लिहिलेलं नाही.

ते लिहिलंय काँप्रिहेन्सिव्ह रूल्स या खेळाच्या संपूर्ण नियमावलीत, नियम ३०५.७ मध्ये. एखादा परिणाम लँडचा प्रकार बदलून एक किंवा अधिक बेसिक प्रकार ‘ठरवत’ असेल, तर त्या लँडचे जुने लँडप्रकार जातात, तिच्या स्वतःच्या मजकुरातून आलेल्या क्षमता जातात आणि नव्या प्रकाराची माना देणारी क्षमता मिळते. हे सगळं प्रकार बदलण्याचाच भाग म्हणून होतं, म्हणजे लेयर ४ मध्येच. लेयर ६ पर्यंत थांबायचा प्रश्नच येत नाही. त्याच नियमाच्या शेवटी हेही आहे की परिणाम नवा प्रकार ‘इतर प्रकारांसोबत’ देत असेल तर काहीच जात नाही. अर्बोर्ग तसं आहे, ब्लड मून तसं नाही. इन ॲडिशन हे दोन शब्द मजकुरात आहेत की नाहीत, हे आधी बघा.

आता दोन्ही परिणाम लेयर ४ मध्ये आहेत. इथे थेट टाइमस्टॅम्पकडे, म्हणजे कोण आधी आलं याकडे, धावायचं नाही. आधी ६१३.८ बघायचा, म्हणजे डिपेंडन्सी. कसोटी अशी: दोन्ही परिणाम एकाच लेयरमध्ये लागतात का, आणि एक लावल्याने दुसऱ्याचा मजकूर, त्याचं अस्तित्व, तो कशाकशाला लागू होतो, किंवा लागू होऊन तो काय करतो, यातलं काही बदलतं का? बदलत असेल तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे आणि त्याने थांबायचं. कार्डाच्या स्वतःच्या गुणधर्माची व्याख्या करणाऱ्या क्षमतांबद्दल एक वेगळी अट आहे, ती या उदाहरणात येत नाही.

कसोटी दोन्ही बाजूंनी लावून बघायची. आधी ब्लड मून लावून पाहा: अर्बोर्ग माउंटन झालं, त्याचा मजकूर गेला, म्हणजे प्रत्येक लँडला स्वॉम्प करणारा परिणामच उरला नाही. अस्तित्व बदललं. आता उलट करा, आधी अर्बोर्ग: सगळी लँड्स स्वॉम्पही झाली, पण ब्लड मूनचा मजकूर तोच, नॉनबेसिक लँड्स त्याच, आणि त्यांना माउंटन करायचं कामही तेच. काही बदललं नाही. म्हणजे अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून आहे, ब्लड मून अर्बोर्गवर नाही. म्हणून ब्लड मून आधी लागतं, मग कुठलं कार्ड सोमवारी पडलं नि कुठलं मंगळवारी याला काही अर्थ नाही. दोघं एकमेकांवर अवलंबून असते, तर मात्र डिपेंडन्सी बाजूला ठेवून टाइमस्टॅम्पनेच निकाल लागला असता.

निकाल असा: स्टीम व्हेंट्स फक्त माउंटन, लाल माना. अर्बोर्गसुद्धा फक्त माउंटन, लाल माना. आयलंड बेसिक आहे, त्याला ब्लड मून शिवत नाही, आणि अर्बोर्गचा परिणाम अस्तित्वात नसल्याने ते स्वॉम्पही होत नाही. काळा माना कुणालाच नाही. अर्बोर्गचं नाव आणि ‘लेजेंडरी’पण (एका खेळाडूकडे त्या नावाचं एकच) मात्र जात नाही, त्यामुळे त्याच खेळाडूकडे दुसरं अर्बोर्ग आलं तर एक जाणारच. ब्लड मून टेबलावरून गेलं की सगळं त्या क्षणी पुन्हा मोजायचं, अर्बोर्ग लगेच कामाला लागतं.

तिसरं कार्ड आणून पाहिलं की फरक नीट कळतो. ड्रायड ऑफ द इलिसियन ग्रोव्ह तुमच्या लँड्सना सगळे बेसिक प्रकार इतर प्रकारांसोबत देते. हाही लेयर ४. पण ड्रायड लँड नाही, ब्लड मून तिच्या मजकुराला हात लावू शकत नाही. कसोटी लावा, कुणीच कुणावर अवलंबून नाही. मग टाइमस्टॅम्प. ब्लड मून आधी आणि ड्रायड नंतर असेल, तर तुमची नॉनबेसिक लँड्स माउंटन होऊन वर सगळे प्रकार मिळवतात आणि पाचही रंग देतात. ड्रायड आधी आणि ब्लड मून नंतर असेल, तर नुसती माउंटन. ‘नंतरचं जिंकतं’ इथे चालतं, आणि इथे चालल्यामुळेच लोक ते अर्बोर्गला लावतात.

लेयर ६चा युक्तिवाद करणाऱ्यांचं म्हणणं एका जागी बरोबर ठरतं, तेही सांगितलं पाहिजे. मेगस ऑफ द मून हा क्रीचर, म्हणजे लढू शकणारं कार्ड, ब्लड मूनचंच काम करतो. त्याच्यासमोर ड्रेस डाउन हे कार्ड आणलं, ज्याने क्रीचर्सच्या सगळ्या क्षमता जातात, तर लँड्स सुटतील असं वाटतं. सुटत नाहीत. मेगसचा परिणाम लेयर ४ मध्ये लागून गेलेला असतो, ड्रेस डाउन लेयर ६ मध्ये येतं. मेगस कोरा होतो, लँड्स माउंटनच राहतात. लेयरांची पायरी उतरून मागे जाता येत नाही. क्षमता कुठल्या लेयरमध्ये जाते, एवढाच या दोन उदाहरणांतला फरक.

मधेच आठवलं म्हणून: इंटरनेटवर उत्तर सापडलं की आधी त्याची तारीख बघा. अर्झाज सागा हे चॅप्टर-चॅप्टरने चालणारं आणि शेवटच्या चॅप्टरनंतर जाणारं लँड २०२१ साली आलं तेव्हा ब्लड मून असताना ते लगेच सॅक्रिफाइस व्हायचं, म्हणजे टेबलावरून जायचं, कारण चॅप्टर नसलेल्या सागाचा शेवटचा चॅप्टर शून्य धरला जायचा. २०२५ मध्ये नियम बदलला, आता चॅप्टर उरलेलेच नसतील तर ते टेबलावर राहतं. जुनी उत्तरं त्यांच्या काळात अचूक होती, आज ती चूक आहेत. तसंच २००९ आधीचं ‘डॅमेज स्टॅकवर’ (लढाईतलं नुकसान लगेच न लागता रांगेत थांबणं) आणि २०२४ पर्यंतचा ब्लॉकर्सना डॅमेज देण्याचा ठरलेला क्रम. दोन्ही गेले. काँप्रिहेन्सिव्ह रूल्सची फाइल प्रकाशक फुकट देतात आणि नवीन सेटबरोबर ती बदलते. जुनी प्रत फोनमध्ये ठेवून वाद घालणं म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक घेऊन गाडी पकडणं. ती फाइल पहिल्यापासून वाचायची नसते. शेवटच्या शब्दसूचीत शब्द शोधायचा, तिथून नियमाचा क्रमांक घ्यायचा. दोन बदली परिणाम (घटनेऐवजी दुसरंच घडवणारे) एकाच घटनेवर येत असतील तर ६१६, कुणाचा ट्रिगर (काही घडलं की आपोआप उठणारी क्षमता) आधी तर ६०३, लेयरसाठी ६१३. ‘करता येतं’ आणि ‘करता येत नाही’ भिडले तर १०१.२: येत नाही, हेच जिंकतं.

स्पर्धेत असाल तर यातलं काहीच टेबलावर सिद्ध करत बसू नका. कार्डं हलवायची नाहीत, हात वर करून जजला बोलवायचं. प्रश्नातून तुमचा बेत उघड होणार असेल तर टेबलापासून बाजूला जाऊन विचारायची परवानगी मागा, मिळते. टेबलावर काय आहे, कुठल्या क्रमाने आलं, कुणाचा टर्न, कुठला टप्पा, हे आधी सांगायचं, आपलं मत नंतर. “मी काय खेळू?” याला जज उत्तर देणार नाही. निर्णय पूर्ण ऐकल्यावर पटला नाही तर हेड जजकडे अपील करा, त्यात उद्धटपणा काही नाही. हेड जजचा शब्द मात्र अंतिम. यात मिनिटाहून जास्त वेळ गेला तर सामन्याला तेवढा वेळ वाढवून मिळतो, तो मागून घ्या.

आणि ब्लड मूनचा विषय निघालाच आहे तर बेसिक कोण हे टाइप लाइनवर, म्हणजे कार्डाचा प्रकार लिहिलेल्या ओळीवर, बघायचं, अंदाजाने नाही. स्नो-कव्हर्ड आयलंडच्या टाइप लाइनवर बेसिक आहे, ते सुटतं. ड्रायड आर्बरवर फॉरेस्ट लिहिलंय पण बेसिक नाही, म्हणून ते माउंटन होतं. क्रीचर मात्र राहतं, हिरवंही राहतं, आणि टॅप केलं (वापरायला आडवं केलं) की लाल माना देतं. स्टीम व्हेंट्स ब्लड मून असताना खाली आलं तर दोन लाइफ द्यायचे की टॅप होऊन यायचं हा त्याच्या मजकुरातला प्रश्नच उठत नाही, कारण तो मजकूर गेलेला असतो, ते अनटॅप्डच येतं.